विश्लेषण : हापसा, शेततळे, पाण्याचा ताळेबंद… डिझाइन संशोधनाने जालन्यात काय बदलले?

घरोघरी नळ देण्यासाठी २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनला केंद्राने २०२८ पर्यंत मुदतवाढ दिली आहे. राज्यात नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचा, म्हणजेच 'पोकरा'चा, दुसरा टप्पा २१ जिल्ह्यांसाठी आखला गेला असून त्यात जालनाही आहे. दोन्हीकडे निधी आहे, यंत्रणा आहे, उद्दिष्टेही आहेत. तरीही नळ बसला पण उन्हाळ्यात कोरडा पडला, शेततळे झाले पण शेजारची विहीर आटली, अशा तक्रारी गावोगावी ऐकू येतात. योजना आखताना ती वापरणाऱ्या माणसाचा अभ्यास कोण करतो, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. हे काम डिझाइन संशोधकांचे मानले जाते. जालना जिल्ह्याचा या कामाशी पन्नासहून अधिक वर्षांचा संबंध आहे आणि त्यात यश आहे तसे इशारेही आहेत.

डिझाइन संशोधक म्हणजे नेमके कोण?

डिझाइन म्हटले की कपडे, फर्निचर किंवा मोबाइलचे रूप डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात एखादी वस्तू, सेवा किंवा योजना कोण, कधी, कशी आणि किती वेळा वापरणार हे ठरवणे म्हणजे डिझाइन. डिझाइन संशोधक हा वापर प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहतो, नमुना तयार करतो, तो लोकांच्या हातात देतो, कुठे अडते ते टिपतो आणि पुन्हा सुधारतो. तो अभियंता असेल, समाजशास्त्रज्ञ असेल किंवा गावातला मिस्त्रीही असेल. पदवीपेक्षा पद्धत महत्त्वाची.

भारतात या विषयाचे शिक्षण अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६१ पासून आणि पवईच्या आयआयटीतील औद्योगिक डिझाइन केंद्रात १९६९ पासून सुरू झाले. पवईच्या केंद्राची उभारणी प्रा. सुधाकर नाडकर्णी यांनी केली. १९७९ मध्ये अहमदाबादेत झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या जाहीरनाम्यात डिझाइनचा उपयोग विकासासाठी व्हावा, अशी भूमिका मांडली गेली. मात्र त्याच्या काही वर्षे आधीच मराठवाड्यात, कोणत्याही डिझाइन संस्थेच्या बाहेर, असे एक काम होऊन गेले होते.

हापशाशी जालन्याचा संबंध काय?

आज गावोगावी दिसणारा लोखंडी हापसा म्हणजे 'इंडिया मार्क टू' हा हातपंप. जगात सर्वाधिक वापरल्या गेलेल्या हातपंपांत त्याची गणना होते. आफ्रिकेतील अनेक देशांतही तो पोहोचला. त्याच्या पूर्वजांची नावे मात्र महाराष्ट्रातील आहेत : 'जालना पंप' आणि 'सोलापूर पंप'.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि सत्तरच्या सुरुवातीला मराठवाड्यासह राज्याचा मोठा भाग पाण्यासाठी वणवण करत होता. १९७२ चा दुष्काळ आजही जुन्या पिढीच्या बोलण्यात येतो. त्याच काळात दाबाच्या हवेवर चालणारी छिद्रण यंत्रे आली आणि काळ्या पाषाणात खोल विंधन विहिरी घेणे शक्य झाले. पाणी लागले, पण ते वर काढणारे पंप टिकेनात. जालन्यात मिशनच्या माध्यमातून विंधन विहिरींचे काम करणाऱ्या पथकाला मोडलेल्या पंपांच्या तक्रारी रोज ऐकाव्या लागत होत्या. त्यातून पूर्णपणे पोलादी बनावटीचा, एकाच खिळीवर फिरणाऱ्या दांड्याचा पंप तयार झाला. तोच 'जालना पंप'. सोलापूरच्या कार्यशाळेत याच दिशेने अधिक भक्कम आवृत्ती घडली.

आधीचे पंप का मोडत होते?

त्या वेळी बसवले जाणारे बीडाचे पंप युरोप-अमेरिकेतील घरगुती पंपांच्या नकला होत्या. तिकडे परसातला पंप एक कुटुंब दिवसातून काही वेळा वापरत असे. इकडे त्याच पंपावर पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्ख्या वस्तीची रांग. दांडा दिवसभर खालीवर होई, सांधे झिजत, खिळ्या निखळत, बीड तडकत असे. १९७४ च्या सुमारास युनिसेफच्या पाहणीत चारपैकी जवळपास तीन पंप बंद आढळले होते.

दोष वापरणाऱ्यांच्या माथी मारणे सोपे होते : लोक काळजी घेत नाहीत, पोरे दांड्याला लटकतात. जालना आणि सोलापूरच्या कारागिरांनी प्रश्न उलटा केला. दिवसभर शेकडो हात लागणार हे गृहीत धरले, तर पंप कसा असावा? डिझाइन संशोधनाचा गाभा हाच आहे. माणसाने वस्तूप्रमाणे वागावे ही अपेक्षा सोडून, माणूस जसा वागतो त्याप्रमाणे वस्तू घडवायची.

मार्क टूमध्ये वेगळे काय होते?

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर केंद्र सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी एकत्र येऊन सोलापूर पंपाला आधार मानून नवा पंप विकसित करण्याचे ठरवले. मद्रासची रिचर्डसन अँड क्रूडास ही सरकारी कंपनी नमुने तयार करण्याच्या कामात होती. कोइम्बतूर परिसरातील खोल विहिरींवर नमुन्यांची चाचणी झाली आणि १९७७-७८ पासून उत्पादन सुरू झाले. अपेक्षा साध्या शब्दांत ठरल्या होत्या : देशातल्या साध्या कारखान्यात बनला पाहिजे, परवडला पाहिजे, बायका-मुलांना ओढता आला पाहिजे आणि किमान वर्षभर बिघडता कामा नये.

त्यातून काही निर्णय झाले. दांडा आणि आतील सळई यांच्यात साखळी आली. त्यामुळे सळई सरळ रेषेत वर-खाली होऊ लागली आणि झीज कमी झाली. दांडा बेअरिंगवर बसवला गेला. पंपाचे बूड विहिरीच्या नळीवर नुसते न बसवता सिमेंट काँक्रीटमध्ये पक्के रोवले गेले. त्यामुळे सांडलेले घाण पाणी विहिरीत झिरपण्याचा मार्ग बंद झाला. १९७९ मध्ये त्याला भारतीय मानक मिळाले. या रचनेवर कोणाचे पेटंट नाही. कोणताही कारखाना मानक पाळून हा पंप बनवू शकतो, आणि प्रसाराचे ते एक मोठे कारण आहे.

पंप टिकला, मग प्रश्न सुटला का?

अर्धाच. मार्क टू बिघडला की दुरुस्तीसाठी जमिनीखालील सगळे लोखंडी पाइप वर काढावे लागत. त्यासाठी चार-पाच माणसे, अवजड साधने आणि गाडी लागे. म्हणजे किल्ली तालुक्याच्या पथकाच्या हातात. पथक येईपर्यंत गाव पुन्हा जुन्या आडावर जायचे.

म्हणून १९८३ ते १९८८ या काळात कोइम्बतूर परिसरात दुसऱ्या फेरीचे संशोधन झाले. या वेळी पंप किती दिवस चालतो यासोबत तो किती लवकर आणि कोणाच्या हातून दुरुस्त होतो, हेही मोजले गेले. त्यातून 'मार्क थ्री' आला. त्यात पाइप न काढता दट्ट्या बाहेर घेता येतो आणि गावातला माणूस मोजक्या पान्यांवर काम करू शकतो. राजस्थानात आणि उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात महिलांना हातपंप दुरुस्तीचे प्रशिक्षण देण्यात आले. पाणी भरणारीच्या हाती पाना आल्यावर पंप बंद राहण्याचे दिवस घटलेच, शिवाय 'हे बायकांचे काम नाही' हा समजही ढासळला. सामाजिक बदल म्हणतात तो इथे दिसतो. वस्तूची रचना बदलली की तिच्यावर कोणाची सत्ता चालते, हेही बदलू शकते.

याच्या उलट उदाहरण सुधारित चुलींचे आहे. ओडिशात झालेल्या, बऱ्याच चर्चेत राहिलेल्या एका दीर्घ अभ्यासात असे आढळले, की प्रयोगशाळेत उत्तम ठरलेल्या चुलींचा धूर कमी करण्याचा फायदा घरोघरी काही वर्षांतच विरून गेला. घरांनी त्या नियमित वापरल्या नाहीत आणि त्यांची देखभालही झाली नाही. चूल चांगली होती, स्वयंपाकघराचा अभ्यास अपुरा होता.

कडवंचीत काय घडले?

जालना तालुक्यातील कडवंची हे गाव आज द्राक्षबागांसाठी ओळखले जाते. १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात तिथे काम झाले. विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र यांनी ते पुढे नेले.

या कार्यक्रमाची ओळख ठरलेली एक पद्धत डिझाइन संशोधनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तिला 'नेट प्लॅनिंग' म्हणतात. कार्यालयात नकाशावर रेघा ओढून बांध ठरवायचे नाहीत. प्रत्येक गटात, त्या शेताच्या मालकासोबत, शक्यतो पती-पत्नी दोघांसह, उभे राहून उतार, मातीची खोली आणि पाणी वाहण्याची वाट पाहायची. बांध कुठे घालायचा, झाड कुठे लावायचे, हे तिथेच ठरवायचे. शिवाय श्रमदानाची अट. ज्याने जागा ठरवली आणि घाम गाळला, तो बांध फोडत नाही आणि फुटला तर डागडुजी करतो.

माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवल्यावर विहिरींना आधार मिळाला. पुढे शेततळी आणि ठिबक आले, द्राक्षाचे क्षेत्र वाढले. ज्या जिल्ह्यात वर्षाला साधारण सहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही लहरी, तिथे हा बदल लहान नाही. खरपुडीच्या केंद्रात शेतकरी आणि तज्ज्ञ नियमित भेटून पिकांवर बोलतात. हा संवाद काम संपल्यावरही चालू राहिला, ही बाब अनेक संशोधन प्रकल्पांत नसते.

मग शेततळ्यांवर आक्षेप का?

शेततळ्याची मूळ कल्पना अशी : पावसाचे वाहून जाणारे पाणी शेतात साठवायचे आणि पावसाच्या खंडात पिकाला एक-दोन संरक्षित पाणी द्यायचे. २०१६ मध्ये राज्याने 'मागेल त्याला शेततळे' योजना आणली आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत अनुदान दिले.

प्रत्यक्ष वापर मात्र अनेक ठिकाणी बदलला. तळ्याला प्लास्टिक अस्तर लागले आणि ते पावसाऐवजी विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरले जाऊ लागले. पुण्याच्या वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, म्हणजे 'वोटर' या संस्थेतील संशोधकांनी २०१७ च्या सुमारास या वापराकडे लक्ष वेधले. जमिनीखालचे पाणी सगळ्यांचे असते. ते उपसून तळ्यात घेतले की एकाचे होते, आणि उघड्यावर ठेवल्याने बाष्पीभवनात घटतेही. ज्याच्याकडे मोठे क्षेत्र, पंप आणि भांडवल आहे त्याची बाग वाचते. शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याची विहीर मात्र लवकर तळ गाठते.

बागायतदाराला दोष देऊन हा गुंता सुटत नाही. दोन-तीन लाखांचे कर्ज काढून लावलेली बाग मे महिन्यात जळू देणे कोणालाच परवडत नाही. त्याच्या जागी त्याचा निर्णय शहाणपणाचाच आहे. पण शंभर जणांनी तोच शहाणपणा केला की गावाचे पाणी संपते. हातपंपात वापराचा अभ्यास आधी झाला आणि रचना त्यानुसार बदलली. शेततळ्यात अनुदान आधी आले, वापराचा अभ्यास मागून आला. फरक इतकाच, पण परिणाम मोठा.

पाण्याचा ताळेबंद कशासाठी?

या अनुभवानंतर 'पोकरा'मध्ये वेगळी वाट धरली गेली. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या टप्प्यात जालन्यासह राज्यातील सुमारे पाच हजार गावे होती. गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत आयआयटी मुंबईच्या चमूने विकसित केली. दररोजचा पाऊस, मातीचा प्रकार व खोली, जमिनीचा उतार आणि पिके यांवरून किती पाणी वाहून गेले, किती मातीत राहिले, किती जमिनीत मुरले आणि पिकांना किती कमी पडले, याचा हिशेब त्यातून निघतो. गावाचा आराखडा या हिशेबावर बेतायचा, ही अपेक्षा.

याचा लाभ असा, की 'आमच्या गावाला आणखी पाच बंधारे द्या' या मागणीच्या जागी 'आमच्याकडे अडवण्याजोगे पाणी किती उरले आहे' हा प्रश्न येतो. काही गावांत उत्तर असे निघते, की अडवायला फारसे पाणीच शिल्लक नाही, वापर कमी करावा लागेल. हे उत्तर कोणालाच आवडत नाही. कोणते पीक कमी करायचे, नवी बोअर कोणी घ्यायची नाही, हे गणित सांगू शकत नाही. ते ग्रामसभेला ठरवावे लागते. महाराष्ट्राच्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल सिंचन विहिरींना बंदी आहे, पण गावाने मनावर घेतल्याशिवाय ती पाळली जात नाही, हे उघड आहे.

'२०३० चे जालना' हा प्रयोग काय होता?

आकड्यांनी जे साधत नाही ते गोष्टींनी साधण्याचा एक प्रयत्न जालन्यातच झाला. अर्धशुष्क प्रदेशांतील हवामान बदलावरील 'असार' या आंतरराष्ट्रीय संशोधन प्रकल्पात, २०१४ ते २०१८ या काळात, वोटरने ग्रामीण जालन्याच्या पाण्याचे २०३० मधील चित्र कसे असेल यावर वेगवेगळ्या पक्षांना एकत्र बसवले. अंदाज वर्तवणे हा हेतू नव्हता. 'असे झाले तर काय' अशा पर्यायी भविष्यकथा मिळून रचायच्या आणि त्या आरशात आजचे निर्णय पाहायचे, अशी ही पद्धत. जे लोक एरवी एकमेकांसमोर मागण्या किंवा सबबी घेऊन उभे राहतात, ते एकाच गोष्टीची पुढची ओळ शोधू लागतात, हा तिचा फायदा.

आता २०३० फार दूर नाही. त्या वेळी रंगवलेल्या चित्रांपैकी जिल्हा कोणत्या वाटेने निघाला आहे, हे त्याच लोकांना पुन्हा बसवून तपासणे शक्य आहे. संशोधनाचा पैसा तीन-चार वर्षांत संपतो, गावाचा प्रश्न संपत नाही. या क्षेत्राची मोठी कमतरता हीच आहे.

मर्यादा कोणत्या?

पहिली मर्यादा, बैठकीत कोण नसते ही. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार असून पाचपैकी चार जण ग्रामीण भागात राहतात. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा भागातून अनेक कुटुंबे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. सर्वेक्षणे आणि शिवारफेऱ्या बहुधा हिवाळ्यातच होतात, कारण पाहुण्यांना तेव्हा फिरणे सोयीचे. म्हणजे टंचाईची झळ ज्यांना सर्वाधिक बसते, ते आराखडा ठरताना फडावर असतात.

दुसरी मर्यादा, जागेच्या राजकारणाची. हापसा कितीही भक्कम असला तरी तो कोणत्या वस्तीत बसला, यावर कोणी पाणी भरायचे हे ठरते. जात, जमिनीची मालकी आणि पंचायतीतील वजन यांना चांगल्या रचनेने वळसा घालता येत नाही. हे प्रश्न न पाहणारे संशोधन अन्यायाचीच सोय करून बसते.

तिसरी मर्यादा, देण्याघेण्याची. गावाकडून तास-दोन तास, माहिती, फोटो घेतले जातात. अहवाल इंग्रजीत छापला जातो. त्याच गावात पुन्हा तीच प्रश्नावली घेऊन दुसरे पथक येते. लोक मग ठरावीक उत्तरे देऊ लागतात आणि त्या उत्तरांवर पुढची योजना उभी राहते.

आता पुढे काय?

जालन्यात संशोधनाची साधने आधीपेक्षा जवळ आली आहेत. रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा संकुल २०१८ पासून शहरालगत आहे, खरपुडीचे केंद्र आहे. स्थानिक प्रश्नांवर शैक्षणिक संस्थांनी काम करावे म्हणून राज्याने 'उन्नत महाराष्ट्र अभियान' आखलेले आहे. विद्यार्थ्यांनी तालुक्यातील बंद नळयोजनांचा मागोवा घेतला, कुठे मोटार जळाली, कुठे विहीर आटली, कुठे वीजबिल थकले हे नोंदवले, तरी जलजीवनच्या उरलेल्या वर्षांना दिशा मिळू शकते. या मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण आहे. नळजोडणी मोजण्यापेक्षा मे महिन्यात त्या नळातून आलेले पाणी मोजणे अधिक उपयोगाचे.

ग्रामपंचायतीही येणाऱ्या पथकाला काही साधे प्रश्न विचारू शकतात :

● जी कुटुंबे ऊसतोडीला गेली आहेत, त्यांचे म्हणणे कधी आणि कसे घेणार?

● निष्कर्ष ग्रामसभेत मराठीत मांडणार का, आणि कोणत्या तारखेला?

● ही वस्तू किंवा योजना बिघडली तर गावातले कोण दुरुस्त करू शकेल?

● एकाचा फायदा झाला तर शेजाऱ्याच्या विहिरीवर काय परिणाम होईल, हे तपासले आहे का?

● काम संपल्यावर दोन वर्षांनी पाहायला कोण येणार?

जालना पंप घडवणाऱ्यांकडे मोठी प्रयोगशाळा नव्हती. मोडलेला पंप पुन्हा पुन्हा उघडून पाहण्याची चिकाटी होती आणि रांगेत उभ्या असलेल्या बाईची चूक नाही, हा समज पक्का होता. जिल्ह्यात येत्या काही वर्षांत पाण्यावर होणारा खर्च मार्गी लागायचा असेल, तर बंद पडलेल्या योजना उघडून पाहण्याची तरतूद नव्या योजनांच्या अंदाजपत्रकातच करावी लागेल.